डावीकडचं दार

सात महिने भरल्यावर कंपनीनं मला ब्रेक दिला, त्या दिवशी मी कारेगावच्या खोलीवर न जाता आमच्या गावची, वडगाव रासाईची एसटी धरली. ब्रेक म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. टेम्पररी माणूस सलग कामावर राहिला तर उद्या हक्क मागेल, म्हणून सात महिन्यांनी त्याला घरी पाठवायचं आणि मर्जी झाली तर परत बोलवायचं. तोवर त्यानं वाट बघायची. आमच्या घराण्याला नेमकी तीच गोष्ट जमत नाही. आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे. वडिलांनी मेंढरं विकून ट्रक घेतला, म्हणजे फिरणं काही सोडलं नाही, पायांच्या जागी चाकं आली एवढंच. मी तिसरा. मला मेंढरंही नाहीत आणि चाकंही नाहीत, नुसती पायाला भिंगरी.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे. पितृपंधरवडा संपत आला होता. दोन दिवसांनी घट बसणार आणि पुढं दसरा. आबांचा ट्रक, आबा म्हणजे माझे वडील, दारातल्या चिंचेखाली उभा होता. पुढं नाक असलेली जुनी गाडी. मी पहिलीत होतो तेव्हा घेतली, ती पण सेकंडहँड. इंजिन ठणठणीत होतं, पण केबिनमध्ये बसवत नव्हतं. दारांना आतून लावलेले हार्डबोर्ड पावसानं फुगले होते आणि खालच्या कडेला त्यांचे पापुद्रे सुटले होते. रेक्झिन फाटून लोंबत होतं. गाडी सुरू केली की दोन्ही दारं अशी वाजायची, की शेजारी बसलेल्याला ओरडून बोलावं लागे.

दसऱ्याला गाडी पाटसला नेऊन दाखवायची, तिथं ऊसतोड मजुरांची टोळी ठरायची आणि मग पाच-सहा महिने थांबायचं नाव नाही, हा आबांचा इतक्या वर्षांचा रिवाज. खिळखिळी गाडी दिसली तर मुकादम टोळी दुसऱ्याला द्यायचा. हंगाम चुकला तर आबा वर्षभर ओट्यावर बसणार, आणि ओट्यावर बसलेले आबा म्हणजे घरातल्या सगळ्यांना शिक्षा. आई तर म्हणायचीच, "ह्यांच्या बुडाखाली चाक न्हाई आलं, तर माझ्या डोक्यावर बसत्यात."

"इंजिनाला काय धाड भरलीय?" आबा म्हणाले. "दारं तेवढी वाजत्यात. शिरूरला एकजण करून देतू म्हणालाय."

"मी करतो," मी म्हणालो.

"तू?"

"सात महिने दुसरं काय केलं मी?"

हे खरं होतं. मोटारीच्या दाराला आतून जो पत्रा झाकायचा भाग लागतो, तो बसवायच्या लाइनीवर मी होतो. तिथं त्याला ट्रिम म्हणतात. दिवसाला किती दारं हातांखालून जायची, त्याची गणती नव्हती. आबांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडं बघितलं. अलीकडं ते असंच बघायचे, सगळं तोंड फिरवून. मला वाटायचं, वय झालं तसा रुबाब वाढला.

"तिथं मशिन करतंय. तू नुसतं दाबतूस."

हेही खरं होतं, म्हणून तर मला झोंबलं. मी म्हणालो, दसऱ्याच्या आत नाही केलं तर नाव सांगणार नाही. झालं. स्वतःच्या तोंडानं स्वतःला कामाला लावून घेण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

आबांनी अट घातली. "उजवं दार आन् बटणांची फळी हाय तशी झाली पायजे. एक सूत हलवू नगंस." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचं माप.

"आणि डावं?"

"डावं तुझ्या मनानं कर. तिथं कवा मी बसतूय?"

काम लगेच सुरू करायला माझे हात शिवशिवत होते, पण पितरांत नवी वस्तू घरात आणायची नाही. हार्डबोर्ड नको, रेक्झिन नको, चिकटवायच्या सोल्युशनचा डबासुद्धा नको. मी म्हणालो, आजोबांना रेक्झिनचं काय वावडं असणार? आईनं नुसतं बघितलं. मग ते दोन दिवस मी जुनं उचकटण्यात घालवले. गंजलेल्या स्क्रूंवर रॉकेल सोडायचं, वाट बघायची, परत पिळायचं. वाट बघवत नव्हती म्हणून तीन स्क्रूंची डोकी मी मोडली आणि त्याचा रागही आबांवर काढला.

जेवताना आई मला दोनदा म्हणाली, "तांब्या आबांच्या म्होरं ठिव, बाजूला नगं." मी ठेवला. एकदा आबा ओसरीतल्या खाटेला गुडघा आपटून ओरडले, "खाट कुणी हलवली?" खाट कुणीच हलवली नव्हती. मी म्हणालो, "नाकावर राग घेऊन चालल्यावर दुसरं काय होणार?" आई तांब्या उचलून आत गेली. एरवी अशा वेळी ती माझ्या बाजूनं दोन शब्द टाकायचीच.

बटणांची फळी म्हणजे स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या वर असलेला हातभर हार्डबोर्ड. तिच्यावर दिव्याचं, वायपरचं, पंख्याचं अशी बटणं एका ओळीत. फळीला मधून चीर गेली होती. तिच्यावर तीन खिळे मारलेले होते, पितळी टोपीचे, खुर्च्यांना मारतात तसले. दिव्याच्या बटणाशेजारी एक, वायपरच्या शेजारी दोन. चौथा उजव्या दारावर, कडीच्या खाली. मला वाटलं, आबांची ठिगळगिरी, चीर धरून ठेवायला मारले असतील. कंपनीत आम्हाला शिकवलेलं असं, की दार हातात आलं की आधी अंगठा फिरवायचा. कुठं काही टोचलं, जरा उंचवटा लागला, की लाल स्टिकर, म्हणजे माल नापास. सात महिन्यांत अंगठ्याला तेवढी एकच गोष्ट कळायला लागली होती. मी पकडीनं चारही खिळे उपसले. लोण्यातून काढल्यासारखे निघाले आणि उन्हात चकाकले. मी ते चिंचेखालच्या मातीत फेकून दिले.

घट बसले त्या दिवशी सकाळीच शिरूरहून हार्डबोर्ड, पातळ फोम आणि सोल्युशन आणलं. रेक्झिनसाठी दौंडला गेलो. उजव्या दाराला जुन्यासारखं तपकिरी घेतलं. डाव्याला मी राखाडी घेतलं, कंपनीतल्या मोटारींना असायचं तसं. दुकानदार म्हणाला, दोन दारांना दोन रंग का? मी म्हणालो, दोन मालक आहेत.

उजवं दार दोन दिवसांत झालं. जुना बोर्ड नव्यावर ठेवून पेन्सिलनं आखायचा, फुगून गेलेला खालचा भाग आबांच्या सांगण्यावरून अंदाजानं भरायचा आणि आरीनं कापायचं. फळीला जरा बाक होता. त्यासाठी हार्डबोर्ड खरबरीत बाजूनं पाण्यानं भिजवला, दोन विटांवर आडवा ठेवला आणि मध्ये दगड ठेवून दिला. सकाळपर्यंत तो नको तितका वाकला. परत भिजवला. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत हात आवरायचा असतो. मी आवरला नाही, फोम सरकला, सगळं ओरबाडून परत केलं. वासानं डोकं भणभणायचं. अंगात नुसती चुळबुळ. मध्येच उठून मी चावडीपर्यंत जायचो, तिथल्या फोनवरून कंपनीत चौकशी करायचो, परत यायचो. कंपनीतून एकच उत्तर, कळवतो.

खरा जीव मी डाव्या दारात ओतला. हात ठेवायला उशीसारखा उंचवटा केला. बाटली राहील असा कप्पा केला. दाराला आधारासाठी धरायची जुनी लोखंडी दांडी होती, ती काढून टाकली आणि तिच्याऐवजी बोटं घालून दार ओढायची खाच ठेवली, आत बुजवलेली, मोटारीला असते तशी. तीन वेळा कापलं, दोन वेळा फेकलं. झाल्यावर त्यावर अंगठा फिरवला. कुठंही काही लागलं नाही. गावातली माणसं येऊन बघून जायला लागली. एकजण म्हणाला, "उजवीकडून चढलं तर सासर, डावीकडून माहेर." मी खूश झालो. आबा मात्र डाव्या दाराकडं फिरकलेच नाहीत.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, नाकावर झेंडूची माळ घातली, चाकांना हळद-कुंकू लावलं. आईनं ओवाळलं. दारात दहा-पंधरा माणसं होती. आबा धुतलेलं धोतर नेसून, आजोबांचं घोंगडं खांद्यावर टाकून चढले आणि नव्या फळीवर त्यांनी हात ठेवला. हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, परत आला आणि थांबला.

"खिळं कुठं हायत?"

"कसले खिळे?"

"हितलं."

"काढले. भंगार दिसत होते."

मी डावीकडून चढून बसलो होतो आणि कौतुकाच्या एका शब्दाची वाट बघत होतो. बाहेर माणसं उभी होती, हार घातलेला होता, आई हळदीच्या बोटांनी तशीच उभी होती. आबांनी परत एकदा फळीवर हात फिरवला, "बरं," म्हणाले आणि गाडी सुरू केली. दारं वाजली नाहीत. मी म्हणालो, "ऐकू येतंय का काही?" ते म्हणाले, "न्हाई." तेवढंच. मला इतका राग आला की पाटस येईपर्यंत मी बाहेर बघत बसलो.

पाटसला सगळं झकास झालं. मुकादमानं केबिनमध्ये डोकं घातलं, डाव्या दारावर थाप मारली, म्हणाला, "आबा, गाडी न्हवरी केलीसा की!" टोळी ठरली. परत निघेपर्यंत दिवेलागण झाली. सोनं वाटायला उशीर होईल म्हणून मी घाई करत होतो. आबा मात्र हळू चालवत होते, नाकासमोर बघत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

उजेड कमी झाला तसा त्यांचा उजवा हात फळीकडं गेला. दोन-तीनदा चाचपला. मग खट्ट झालं आणि कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायला लागले. त्यांनी ते बंद केले. परत चाचपलं. परत वायपर. तेवढ्यात डावीकडच्या उसाच्या पाणंदीतून एक बैलगाडी रस्त्यावर येत होती. मला ती केव्हाची दिसत होती. मला वाटलं, त्यांनाही दिसतेय.

"आबा, डावीकडं!"

त्यांनी डावीकडं बघितलं नाही, आधी ब्रेक दाबला. गाडी तिरकी होऊन थांबली. बैलाचं शिंग डाव्या दाराला बाहेरून घासून गेलं, तो आवाज माझ्या मांडीपाशी झाला. बैल बुजला, गाडीवान खाली उडी मारून कासरा ओढत ओरडला, "डोळं फुटलं का रं? एवढी गाडी दिसत न्हाई?"

आबांना रस्त्यावर कुणी एक शिवी दिली तर ते दोन द्यायचे आणि शिवाय गाडीतून खाली उतरायचे. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या दिवशी शिवी नाही, उतरणं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. गाडीवान आणखी काय काय बोलला, बैलांना पुढं काढून निघून गेला. 

मग ते उतरले. गाडीच्या नाकावर हात टेकत टेकत वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक. तू घे."

माझ्याकडं लायसन होतं, पण जड गाडीचं नव्हतं. तरी घेतली. दिव्याचं बटण दाबलं, पहिल्या गिअरमध्ये तिसऱ्यासारखा आवाज काढला. आबा डावीकडं बसले. रस्त्यावरचा पहिला खड्डा आला, तसा त्यांचा हात दारावर गेला, जुन्या दांडीच्या जागी. तिथं दांडी नव्हती. हात माझ्या गुळगुळीत राखाडी रेक्झिनवरून घसरत खाली आला. ते हेलकावे खात राहिले. मी सांगितलं नाही की खाच खाली आहे. 

"दौंडच्या डागदरानं सांगितलंय," थोड्या वेळानं तेच म्हणाले. "मागल्या वरसी. काचबिंदू. म्होरचं दिसतंय चांगलं. बाजूचं गेलं. गेलेलं परत येत न्हाई म्हणं, हाय ते ऱ्हावं म्हणून थेंब टाकायचं."

"आणि खिळे?"

"तवाच मारलं. खालची फळी दिसंना. मान खाली घालून बघायला गेलं तर रस्ता सुटतुय. तुझा आज्जा अंधारात मेंढराचा कान चाचपून सांगायचा कुणाचं हाय ते. कानाला एक कातरा म्हंजी आपलं, दोन म्हंजी पावण्याचं. म्या म्हणलं, बटणाला कान न्हाई, खिळा तर मारता यील."

वीस वर्षांची जुनी फळी आणि चकाकणारे खिळे. गंजलेल्या स्क्रूंना रॉकेल पाजत होतो तेव्हा हे माझ्या हातात होतं. रिजेक्शन ओळखण्यात मी लाइनीवर पहिला. इथं लाल स्टिकर माझ्या कपाळाला लावायला हवं होतं.

खोटं कशाला सांगू, त्या अंधारात माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या डोळ्यांचा नव्हता, माझ्या नोकरीचा होता. आता हे स्टिअरिंग माझ्या गळ्यात पडणार, कंपनीचं बोलावणं येणार आणि मी या चिंचेखाली अडकणार. त्याची मला लगेच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून परत त्यांचाच राग आला. गेला अख्खा हंगाम हा माणूस उसानं भरलेला ट्रक अर्ध्या नजरेनं चालवत होता. कुणी चाकाखाली आलं असतं तर?

घरी आल्यावर आईला सांगायचं नाही, असं ते म्हणाले. मी मान हलवली आणि चुलीपाशी जाऊन तिला सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली. "मला सांगतूस व्हय?" ती म्हणाली. "वरीस झालं, तांब्या म्होरं ठिवतीय त्यांच्या." मी विचारलं, मग अडवलं का नाहीस? तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अडवून बग की तू."

रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. सकाळी उठलो आणि चिंचेखाली माती चाळत बसलो. चारपैकी तीन खिळे सापडले. चौथा मिळेना, म्हणून घरातल्या मोडक्या खुर्चीचा एक उपसला. खिळे सापडले याचा आनंद मानावा की नको, ते कळेना. आबा येणार आणि म्हणणार, होते तिथं मार. मग मी काय करणार? नाही म्हणणार, असं ठरवलं होतं. पण उभ्या आयुष्यात आबांना तोंडावर नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. हातोडी घेऊन मी ट्रकभोवती तीन फेऱ्या मारल्या.

ते आले. माझ्या हातातली हातोडी त्यांनी मान वळवून बघितली, मुठीतले खिळे बघितले. मग समोरच्या नाकावर हात टेकत गाडीला वळसा घालून पलीकडं गेले. मी उजवं दार उघडून उभा होतो. पलीकडचं दार उघडलं. ते डावीकडच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि माझ्या राखाडी रेक्झिनवर तळवा ठेवून काही वेळ चाचपत राहिले.

"बाहीर का हुभा ऱ्हायलास? हिकडं यी," ते म्हणाले. "ती लोखंडी दांडी टाकली न्हाईस न्हवं? ती वर बशीव, हुती तिथं. मला धरायला लागंल."

"आणि खिळे?"

त्यांनी माझा हात धरला आणि दाराच्या कडीखाली नेऊन टेकवला. "हितं एक." मग कप्प्याच्या कडेला. "हितं दोन. थेंबाची बाटली हितं ठिवणार."

मी मारले. अंगठा मध्ये आला, तो ठेचला, तरी मारले. दहा-बारा दिवस मेहनत करून जिथं काही लागू नये म्हणून मी धडपडलो होतो, तिथं तीन पितळी टोप्या वर आल्या. आबांनी डोळे समोर ठेवून त्यांच्यावरून बोट फिरवलं. एक. दोन.

"खिळा उरला एक," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दी." मग ते समोर काचेतून रस्त्याकडं बघत म्हणाले, "टोळी परवा फडात उतरंल. तवर एक डायवर बघ. चांगला बघ, शेजारी बसायचंय मला."